मर्टल अव्हेन्यूला जाताय? आधी तीनचं गणित बघा

लंडनच्या हीथ्रो विमानतळावर विमानं बघायची तर मर्टल अव्हेन्यू, कधीही जा, डोक्यावरूनच उतरतात, असं मला तिघांनी सांगितलं होतं. ‘कधीही’ साफ चूक आहे. त्यापायी माझी दुपार वाया गेली.

हॅटन क्रॉस स्टेशनपासून जवळच, घरांच्या गल्लीच्या टोकाला हिरवळीचा तुकडा आहे. दोनला पोचलो. पहिला तास सोन्यासारखा गेला. एअरबसचं दुमजली ए३८० इतकं खाली आलं की २२ चाकं मोजता आली. तीन वाजले आणि डोक्यावरचं आकाश रिकामं! विमानं उत्तरेच्या धावपट्टीवर उतरू लागली, सुमारे दीड किलोमीटर पलीकडे.

पश्चिमेचा वारा असताना इथे एका धावपट्टीवर विमानं उतरतात, दुसरीवरून उडतात, आणि दुपारी ३ वाजता अदलाबदल होते. खालच्या वस्त्यांना निदान अर्धा दिवस आवाजापासून सुटका मिळावी, म्हणून. आधी कोणती, हे दर आठवड्याला बदलतं आणि वेळापत्रक विमानतळ आधीच जाहीर करतो. तुम्हाला उतरण्यासाठी ‘२७ एल’, म्हणजे मर्टल अव्हेन्यूकडची दक्षिणेची धावपट्टी, हवी. वारा पूर्वेचा असेल तर विमानं विंडसरच्या बाजूने येतात, मग इकडे फिरकूच नका.

मी हट्टाने चालत उत्तरेकडे निघालो. ईस्टर्न पेरिमीटर रोड, एका बाजूला कुंपण, दुसरीकडे गाड्यांचा गोंगाट, पाठीवर लेन्सची बॅग, त्यात पाऊस. पोचेपर्यंत उजेड गेला. हे अजिबात करू नका. चालायची कितीही सवय असली तरी नाही.

दुसरी फसगत मुंबईहून येणाऱ्या विमानाच्या प्रकाराची. आदल्या रात्री विमानं दाखवणाऱ्या अ‍ॅपवर बोइंग ७७७ दिसतं, येतं ७८७. मुंबईहून विमान सुटल्यावर दिसणारा नोंदणी क्रमांकच खरा माना. लंडनला यायला नऊ-दहा तास लागतात, तेवढ्यात तुम्ही निवांत पोचता. क्रमांक ‘व्हीटी-टीएस’ने सुरू होत असेल तर ते मूळचं व्हिस्ताराचं ७८७-९. १२ नोव्हेंबर २०२४ ला व्हिस्तारा एअर इंडियात विलीन झाली, पण रंग एका दिवसात बदलत नाहीत. जुना रंग टिपायचा तर घाई करा. ब्रिटिश एअरवेजची ७४७ अशीच गेली: जुलै २०२० मध्ये निवृत्तीची घोषणा, ८ ऑक्टोबरला हीथ्रोहून शेवटची दोन उडालीसुद्धा. मी तेव्हा ‘पुढच्या वर्षी जाऊ’ म्हणत बसलो होतो, ती रुखरुख अजून आहे.

मधला एक दिवस टर्मिनलमध्ये गेला, बरा होता.

शेवटच्या दिवशी सकाळी सातलाच हिरवळीवर हजर. वेळापत्रक जुळत असेल तर सकाळच, दुपारचा विचारही नको. थंडीने बोटं बधिर झाली होती. आणि ते व्हिस्ताराच्या जुन्या रंगातलं ७८७ आलं: जांभळी शेपटी, तिच्यावर सोनेरी तारा, इंजिनांच्या मागच्या कडेचे करवतीसारखे दात स्पष्ट दिसत होते. चाळीस फोटो काढले. सदतीस धूसर आले, तीन लख्ख.