भाजणी, गिरणी आणि पुड्याची मागची बाजू

गेल्या जूनमध्ये लेकीचा डबा भरत होते, हातात मल्टीग्रेन बिस्किटांचा पुडा, वर नाचणीच्या कणसाचं चित्र, आणि सहज पुडा उलटला तर मागे पहिलं नाव मैदा, मग साखर, मग पामतेल, नाचणी पार खाली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, जे पहिलं ते सगळ्यात जास्त, हे मला माहीत होतं, तरी वर्षभर मी तो पुडा चांगला समजून रोज देत होते. फार वाईट वाटलं त्या दिवशी.

तेव्हापासून किराणा घेताना मी मागची बाजू आधी वाचते. खाऱ्या पदार्थांवर मीठ नाही तर सोडियम लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मिठाचा अंदाज येतो, म्हणजे 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ, आणि मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आतच सांगतात. आकडा 100 ग्रॅमचा आहे की एका सर्व्हिंगचा तेही बघा, तिथे हमखास फसायला होतं. सगळंच पाकिटातलं वाईट असं मात्र मला अजिबात वाटत नाही, पोहे, चुरमुरे, फुटाणे हेही कुठेतरी प्रक्रिया होऊनच येतात की, ते आमच्याकडे भरपूर असतात.

पण खरा फरक पडला तो थालीपिठाच्या भाजणीने. सासूबाईंना म्हटलं, आई, मला तुमचं प्रमाण लिहून द्या, तर म्हणाल्या लिहून काय घेतेस, शेजारी उभी राहा. ज्वारी अर्धा किलो (मालदांडी मिळाली तर तीच), बाजरी अर्धा किलो, तांदूळ, गहू, हरभरा डाळ प्रत्येकी पाव किलो, उडीद डाळ त्याच्या निम्मी, धणे वाटीभर, जिरं थोडं. सगळं वेगवेगळं भाजायचं, मंद आचेवर, कारण प्रत्येकाला वेळ वेगळा लागतो. पहिल्या वेळी मी घाईत गॅस मोठा ठेवला आणि उडीद डाळ बाहेरून करपली, आत कच्ची, सगळं पीठ कडवट झालं. आता उडीद गुलाबीसर झाला आणि खमंग वास सुटला की लगेच उतरवते. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा गिरणीत न्यायचा नाही, वाफ राहिली तर पीठ लवकर खराब होतं, आणि गिरणीवाल्या काकांना सांगायचं की जाडसर दळा, पोळीच्या पिठासारखं नको.

भाजण्यात दीड-दोन तास जातात, ते खरंय, पण तिघांच्या घरात पीठ महिनाभर पुरतं. सकाळी कांदा, कोथिंबीर, ओवा, तीळ, तिखट-मीठ घालून मळायचं, ओल्या फडक्यावर थापायचं, मध्ये भोकं पाडून तव्यावर उलटं टाकायचं, फडकं हळूच सोडवायचं, भोकांत तेलाचे थेंब सोडून झाकण ठेवायचं. कडेने तेल चुरचुरायला लागलं की लेक स्वतःच डबा घेऊन ओट्यापाशी येते, लोण्याची वाटी मात्र वेगळी लागते, आधी लावलेलं लोणी तिला चालत नाही.

पुढच्या दळणात वाटीभर नाचणी घालणार आहे, सासूबाई म्हणतात रंग काळपट होईल, होऊ दे, या वेळी नाचणी मी स्वतः मोजून घातलेली असेल.