चोपडा–नंदुरबार: न बसलेला पोस्टग्रेस आणि जाणाऱ्यांसाठी काही सूचना

कापसाचा हंगाम भरात असताना खानदेशातल्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या गिरणीत, सर्व्हरचं काम घ्यायचं, तर आधी तिथल्या दिवसाची लय समजून घ्यावी. पहाटेपासून फाटकाबाहेर ट्रॅक्टर उभे असतात. भरलेल्या गाडीचं वजन, मग रिकाम्या गाडीचं, मधला फरक म्हणजे कापूस, आणि त्याची काटापावती. हे सगळं एका संगणकावर चालतं आणि दिवसभर त्याला कोणी हात लावू देत नाही. काम सुरू होतं ते काटा बंद झाल्यावर, रात्रीच. म्हणून संध्याकाळच्या सुमारास पोहोचाल असं बघा.

नाशिक रोडहून मनमाड, चाळीसगाव करत जळगावला उतरलो. चोपड्याला रेल्वे नाही. जळगावहून एसटी विदगावच्या पुलावरून तापी ओलांडते, मग धानोरा, अडावद. दोन्ही बाजूंना केळी, उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. सवड असेल तर अडावदजवळ उनपदेवला गरम पाण्याचे झरे आहेत. मला सवड नव्हती.

चोपड्याच्या जिनिंगमध्ये नवं काटा-सॉफ्टवेअर यायचं होतं आणि त्याला पोस्टग्रेस हा डेटाबेस हवा होता. मशीनवर उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली, म्हणजे सोबत येणारा पोस्टग्रेस १४. सॉफ्टवेअरवाल्यांच्या तंत्रज्ञानं त्याच्या गावाहूनच एसएसएचनं, म्हणजे दुरून जोडणी करून, आत शिरून तो बसवला होता. पॅकेज बसलं, सॉफ्टवेअर जोडेना. मग काढा-बसवा, पुन्हा काढा-बसवा. तोवर मुनीमजी हातानं पावत्या लिहीत होते आणि त्यांचा आवाज चढत चालला होता.

मी गेलो तेव्हा त्यांनीच पडदा माझ्याकडे वळवला. ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस पोस्टग्रेसएसक्यूएल’ असं विचारलं की हिरवा ठिपका आणि ‘अ‍ॅक्टिव्ह’. “हिरवं ते दखाय ऱ्हायनं, मंग चालत काब नही?” (हिरवं तर दिसतंय, मग चालत का नाही?) त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता.

त्या हिरव्या ‘अ‍ॅक्टिव्ह’च्या पुढे कंसात ‘एक्झिटेड’ लिहिलेलं असतं, तिकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. डेबियन आणि तिच्यावर बेतलेल्या उबुंटूवर या नावाची सर्व्हिस नुसती छत्री आहे. ती स्वतः काहीच चालवत नाही, सुरू होते आणि लगेच ‘झालं’ म्हणून मोकळी होते. खरा डेटाबेस तिच्याखालच्या क्लस्टरच्या (पोस्टग्रेसच्या एका डेटा-संचाच्या) सर्व्हिसमध्ये असतो, इथे तिचं नाव असतं ‘पोस्टग्रेसएसक्यूएल@१४-मेन’. क्लस्टर तयारच झाला नसेल तरी छत्री हिरवीच दिसते. त्यामुळे पहिली आज्ञा द्यायची ती ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’. तिनं इथे फक्त रकान्यांची शीर्षकं दाखवली, खाली एकही ओळ नाही. डेटाबेस बंद पडलेला नव्हता, तो जन्मालाच आला नव्हता. अर्थात ५४३२ पोर्टवर, म्हणजे पोस्टग्रेसच्या ठरलेल्या दारावर, उत्तर द्यायला कोणी असणार कसं?

का आला नाही, हे शोधायला तंत्रज्ञाला फोन करावा लागला नाही. एपीटी, म्हणजे पॅकेजं बसवणारी आज्ञा, काम करताना पडद्यावर जे जे छापते ते ‘/व्हार/लॉग/एपीटी/टर्म.लॉग’मध्ये राहतं. दुसऱ्यानं बिघडवलेल्या मशीनवर जाणाऱ्यानं सगळ्यात आधी हीच फाइल उघडावी. माणसं काय केलं ते विसरतात, फाइल विसरत नाही. वाचताना खालून वर जायचं आणि पहिली तक्रार कुठे उमटली तिथे थांबायचं. इथे शेवटची ओळ म्हणत होती की डीफॉल्ट क्लस्टर तयार करता आला नाही, हातानं करा. तिच्या वर होतं की जोडणीच्या सेटिंगनं मागितलेलं लोकेल, म्हणजे भाषा आणि क्रमवारीचे नियम, अवैध आहे. त्याच्याही वर पर्ल या प्रोग्रामिंग भाषेची कुरकुर: लोकेल लावता आलं नाही, आणि मागितलेलं लोकेल ‘एमआर_आयएन’.

म्हणजे मराठी! तंत्रज्ञाचा लॅपटॉप मराठीत होता. डेबियन-उबुंटूचा एसएसएच जोडणी करताना तुमच्या मशीनचे भाषा ठरवणारे ‘लँग’ आणि ‘एलसी’वाले चल पलीकडे पाठवतो, पलीकडचा सर्व्हर ते स्वीकारतो आणि प्रशासकाचे अधिकार देणारा सुडोही ते पुढे जाऊ देतो. सर्व्हरवर मराठी लोकेल तयार केलेलं नव्हतं. पोस्टग्रेसचं पॅकेज बसताना क्लस्टर घडवायला गेलं, न ओळखलेलं लोकेल पाहून थांबलं, पण पॅकेज मात्र ‘बसलं’ अशी नोंद झाली. तोच माणूस जिनिंगमध्ये येऊन त्याच मशीनच्या कीबोर्डवर बसला असता तर पहिल्या झटक्यात जमलं असतं. काढून पुन्हा बसवण्यानं काही साधणार नव्हतं, कारण प्रत्येक वेळी लॅपटॉप तोच होता. लॅपटॉप मराठीत ठेवण्याला माझा बिलकुल आक्षेप नाही. माझाही तसाच आहे.

उपाय दोन मिनिटांचा आहे, पण त्यात एक खड्डा आहे. घाईत लोक ‘एलसी_ऑल=सी’ लावतात आणि क्लस्टर घडवतात. तो घडतो, सॉफ्टवेअरही जोडतं. मात्र नुसत्या ‘सी’ लोकेलमध्ये एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, ‘एसक्यूएल_आस्की’ होतं. मग डेटाबेसला देवनागरी अक्षरं दिसत नाहीत, फक्त बाइट दिसतात. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं, त्यामुळे ‘काटा’ या शब्दाची लांबी चारऐवजी बारा भरते. शेतकऱ्याच्या नावाचा रकाना ३० अक्षरांचा ठेवला असेल तर त्यात जेमतेम दहा चिन्हं मावतात. नाव, वडिलांचं नाव, आडनाव एवढं लिहायचं म्हटलं की ‘मूल्य फार लांब आहे’ म्हणून पावती अडते, आणि तोवर हंगामाचा निम्मा डेटा आत गेलेला असतो.

म्हणून ‘सी.यूटीएफ-८’ घ्यावं आणि ‘पीजी_क्रिएटक्लस्टर’ला लोकेलसोबत एन्कोडिंगही स्पष्ट सांगावं: यूटीएफ८, आवृत्ती १४, नाव मेन, आणि शेवटी ‘--स्टार्ट’. मराठी लोकेल हवंच असेल तर ‘लोकेल-जेन’नं ते तयार करता येतं. मी डेटाबेससाठी टाळतो. ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीचे क्रमवारीचे नियम मधूनच बदलतात, २०१८च्या २.२८ आवृत्तीत मोठा बदल झाला आणि मजकुरावरच्या इंडेक्स (शोधाच्या सूची) पुन्हा बांधाव्या लागल्या. ‘सी.यूटीएफ-८’मध्ये क्ष हा क मध्ये आणि ज्ञ हा ज मध्ये लागतो, एवढं मुनीमजींना आधी सांगून ठेवलं. त्यांची हरकत नव्हती. शेवटी ‘शो सर्व्हर_एन्कोडिंग’ विचारून उत्तर यूटीएफ८ येतंय ना, एवढं बघा. सर्व्हरच्या एसएसएचडी कॉन्फिगमधली, पाहुण्याचे चल स्वीकारणारी ‘अ‍ॅक्सेप्टएन्व्ह’ची ओळ मी बंद करून आलो, म्हणजे पुढच्या पाहुण्याचा लॅपटॉप कुठल्याही भाषेत असो.

जिनिंगबद्दल दोन गोष्टी. रुईचे तंतू हवेत तरंगत असतात आणि पंख्यात नमद्यासारखे बसतात, तेव्हा मशीन उघडायची तयारी ठेवा. आणि विडी, काडेपेटी फाटकावरच सोडायची, त्यात गंमत करू नका. पॅकेजं पेन ड्राइव्हवर आधीच उतरवून न्या, मोबाइलच्या नेटवर भरवसा ठेवू नका. जेवणाची काळजी नको: हिवाळ्यात गेलात तर कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी मिळतेच. तिखट कमी सांगितलंत तरी ते तुमच्या हिशेबानं कमी नसतं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं अमळनेर. १९४५ साली इथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्याचीच पुढे विप्रो ही संगणक क्षेत्रातली कंपनी झाली. सुरत मार्गावरची गाडी पकडायला संगणकवाल्यानं अमळनेरच्या फलाटावर उभं राहावं, याची मला दर वेळी गंमत वाटते. नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, मग नंदुरबार.

नंदुरबारला एका मिरची व्यापाऱ्याकडे मारियाडीबी हा डेटाबेस बसेना. एपीटी ‘डीपीकेजीनं (तिच्याखाली प्रत्यक्ष पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामनं) एरर कोड १ दिला’ म्हणून थांबत होती. ही ओळ कारण सांगत नाही, काहीतरी अडलं एवढंच सांगते. कारण ‘जर्नलसीटीएल’नं दाखवलेल्या नोंदींमध्ये मिळालं. आधी या मशीनवर मायएसक्यूएल ८ हा दुसरा डेटाबेस होता, तो काढला तरी ‘/व्हार/लिब/मायएसक्यूएल’ तसंच मागे राहिलं होतं, आणि मायएसक्यूएल ८ची डेटा डिरेक्टरी मारियाडीबीला उघडता येत नाही. ते फोल्डर सरळ उडवून टाका, असा सल्ला त्यांना फोनवर मिळाला होता. त्यात आडतीचे जुने हिशेब होते. शेठ दुसऱ्या दिवसापर्यंत थांबले, म्हणून हिशेब वाचले.

उडवू नका, नाव बदला. फोल्डर बाजूला सरकवलं, ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवलं आणि मारियाडीबी उठला. जुन्या फोल्डरची प्रत माझ्या लॅपटॉपवर मायएसक्यूएल ८खाली सुरू केली आणि त्यातून डंप, म्हणजे सगळा डेटा मजकुराच्या रूपात, काढला. तो आत घेताना ‘यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय’ हे कोलेशन (अक्षरांच्या तुलनेचे नियम) ओळखीचं नाही म्हणून मारियाडीबी अडला. डंपमध्ये त्या जागी ‘यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय’ घातलं की चालतं. मूळ फोल्डर अजून तिथेच आहे. हिशेब तपासून झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, असं कागदावर लिहून सीपीयूवर चिकटवलं आहे.