जॅकेट डिकीतच राहिलं

वळणावर वाळू होती, दिसलीच नाही, आणि स्कूटर अशी अलगद घसरली की आपण पडतोय हे कळायच्या आत हात जमिनीवर टेकले होते.

वेग फार तर 25 असेल. लोक धावत आले, एका काकांनी स्कूटर उचलून स्टँडवर लावली. डिकी उघडली गेली होती, त्यात घडी घातलेलं रायडिंग जॅकेट बघून ते म्हणाले, "अगं, एवढं चांगलं जॅकेट आहे, मग अंगात का नाही?"

मला काही बोलताच आलं नाही. जवळच तर जायचंय, उकडतंय, एवढंच डोक्यात होतं निघताना.

घरी आल्यावर ग्लोव्हज बघितले. उजव्या तळव्यावरचं कातडं घासून पांढरं पडलंय, आत हाताला ओरखडाही नाही. आणि कोपर मात्र सोलवटलंय, कारण तिथे फक्त कुर्त्याची पातळ बाही होती. जॅकेटमध्ये नेमकं तिथेच पॅड आहे!

25 म्हणजे सेकंदाला जवळपास 7 मीटर. मोटारसायकलवाले जाळीचं जॅकेट, घोटा झाकणारे बूट घालतात, आपण स्कूटरवाले चपलेवर निघतो, जणू स्कूटरखालचा रस्ता वेगळाच असतो. जाळीच्या जॅकेटमधून वारा खेळतो, म्हणजे उकाड्याचं कारणही तितकंसं खरं नाही, फक्त मापाचं हवं, ढगळ असलं की पडताना पॅड कोपरावरून सरकतो.

कोपर अजून चुरचुरतंय. तुम्ही जवळ जाताना काय काय घालता, खरं सांगा?