चॉक फार्मला उतरून

लंडनला आल्यावर पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाचा एक फॉर्म भरला. वंशाच्या रकान्यात पर्याय होता 'एशियन – इंडियन'. टिक केली, झालं. पोटजात नाही, दाखला नाही, 'व्हॅलिडिटी झाली का' नाही. खरं सांगते, त्या चौकोनात मला फार मोकळं वाटलं. वर्गातल्या नायजेरियन मुलीला 'आफ्रिकन' या एका शब्दात कोंबलेलं आवडत नव्हतं. तिचं बरोबरच होतं. पण मला त्या गर्दीत हरवायला छान वाटत होतं.

ते टिकलं हॉस्टेलच्या स्वयंपाकघरापर्यंत. आईने बांधून दिलेला काळा मसाला फोडणीत पडला आणि मागून आवाज आला, "मराठी का?" पुण्याचा मुलगा. इतक्या लांब मराठी ऐकून जीव सुपाएवढा झाला. गाव लातूर सांगितलं. मग, "पूर्ण नाव?" सांगितलं. मग थोडं थांबून, "अच्छा. स्कॉलरशिपवर असशील ना? बरंय बाबा तुमचं." 'तुझं' नाही, 'तुमचं'. पिठलं खाली लागलं त्या दिवशी.

इथल्या गोऱ्या प्राध्यापकाला यातलं काय कळणार? समानतेच्या कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख करायचं इथेही घाटत होतं. 2018 मध्ये सरकारने तो विचार सोडून दिला.

शेवटी एका रविवारी नॉर्दर्न लाइनने चॉक फार्मला उतरले. स्टेशनच्या लालभडक टाइल्स मागे टाकून रुळांवरचा पादचारी पूल ओलांडला की किंग हेन्रीज रोड फार लांब नाही. 10 नंबरचं घर. एकाला एक लागून असलेल्या उंच घरांच्या रांगेतलं, शेजाऱ्यांसारखंच. 1921-22 मध्ये बाबासाहेब इथे राहिले. 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं.

जिना चढताना मनात हिशेबच चालू होता. 1916 मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आले आणि बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून पुढच्याच वर्षी अभ्यास अर्धा टाकून परतले. 1920 मध्ये पुन्हा आले ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राचं कर्ज घेऊन. 1923 मध्ये डी.एससी. माझ्या शिष्यवृत्तीलाही नाव राजर्षी शाहू महाराजांचंच आहे. हप्ता लांबला की मी बसचे पैसे वाचवायला चालत जाते आणि स्वतःची कीव करते. त्या जिन्यावर मात्र कीव करायची लाज वाटली.

बाहेर पडले तर फाटकाशी एक पंजाबी काका-काकू. काकांनी हात जोडले, "जय भीम, बेटा." मी "जय भीम" म्हटलं खरं, पण आवाज चिरकला. लंडनमध्ये तोवर हे दोन शब्द मी मोठ्याने उच्चारलेच नव्हते. ते वुल्व्हरहॅम्प्टनहून सकाळच्या गाडीने आलेले, मूळचे जालंधरकडचे.

"कहां से?"

"लातूर."

"वो भूकंप वाला?"

किल्लारीचा भूकंप 1993 चा, माझ्या जन्माच्या आधीचा. पण गाव विचारणारा गावच विचारतोय की गावाआडून दुसरंच काही, ते आम्हाला सुरावरून कळतं. काका भूकंपाचंच विचारत होते. काकूंनी फॉइल उलगडून मुळ्याचा पराठा हातावर ठेवला. गारढोण, पण लोणच्याची फोड होती. आम्ही तिघं फुटपाथवर उभ्यानेच खाल्लं. कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईने वळसा घालून रस्ता ओलांडला. तिच्या लेखी आम्ही तिघंही एकाच चौकोनातले.

परतताना पुलावरून आईला व्हिडिओ कॉल लावला.

"काय खाल्लंस?"

"पराठा. एका काकूंनी दिला, पंजाबी आहेत."

"अगं बाई! आडनाव काय त्यांचं?"

मी विचारलंच नव्हतं.