गुरुवारी लाईट जाते, मग टायमर कुठला घ्यायचा?

समोर बिल्डिंग उभी राहिली तेव्हापासून आमच्या फ्लॅटला ऊन म्हणजे सकाळचे जेमतेम दोन तास. म्हणून मागच्या खोलीत लोखंडी रॅक लावला, २० वॅटच्या चार एलईडी ट्यूब बांधल्या, खाली मेथी, कोथिंबीर, पुदिना. १४ तास लाईट, १० तास अंधार. हाताने चालू-बंद करणं आठवडाभर जमतं, मग गावाला जायचं निघतं, कधी उशिरा घरी येणं होतं, त्यामुळे टायमर हवाच.

पहिले दोन घेतले ते गोल तबकडीचे, साडेचारशेला एक. कडेने ९६ दाते, एक दाता १५ मिनिटांचा, जेवढा वेळ लाईट हवी तेवढे दाते खाली दाबायचे, झालं. एक रॅकला लावला आणि दुसरा ड्राय बाल्कनीत शेवंतीच्या तीन कुंड्यांवर एक ट्यूब होती तिला, सकाळी ७ ते संध्याकाळी ५.

आता पुण्यात राहणाऱ्यांना सांगायला नको की गुरुवार हा मेंटेनन्सचा वार, आमच्याकडे तर चार-चार तास लाईट नसते. आणि ही तबकडी विजेवरच फिरते हो, लाईट गेली की ती जागच्या जागी थांबते, आली की तिथूनच पुढे! म्हणजे एका गुरुवारनंतर माझे ७ ते ५ झाले ११ ते रात्री ९, पुढच्या गुरुवारनंतर दुपारी ३ ते रात्री १. रॅकचं लक्षात आलं कारण ती खोली रोजच्या वापरातली, बाल्कनीत रात्री कोणी जातच नाही.

मेथी-कोथिंबिरीचं काही बिघडलं नाही, १४ तास ते १४ तासच राहिले, फक्त सरकले. शेवंतीचं तसं नसतं. ती रात्र मोजते. रात्र लांब आणि सलग अंधाराची मिळाली तरच कळी धरते. ऊन नसलं तरी बाल्कनीत उजेड सकाळी साडेसहापासून असतोच आणि वर माझी ट्यूब रात्री १ पर्यंत, म्हणजे झाडाच्या हिशोबाने दिवस संपतच नव्हता. आजूबाजूच्या सगळ्या गॅलऱ्यांत शेवंती फुलली, माझ्याकडे नुसता पाला. फार वाईट वाटलं, कारण त्या कुंड्या आईने दिलेल्या मुनव्यांच्या (बुंध्याशी फुटणाऱ्या रोपांच्या) होत्या. पॉलिहाऊसवाले हेच मुद्दाम करतात, आधी रात्री बल्ब लावून दांडा लांब वाढवून घेतात आणि मग लाईट बंद करून कळीवर आणतात. दिवस-रात्रीच्या लांबीचा फुलण्याशी संबंध आहे हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोघांनी अमेरिकेत तंबाखू आणि सोयाबीनवर काम करून १९२० मध्येच मांडलं होतं.

तर माझ्या मते टायमर घेताना पहिला प्रश्न एकच, लाईट जाऊन आल्यावर हा काय करतो?

डिजिटलमध्ये आत छोटी चार्जिंगची बॅटरी असते, घड्याळ चालू राहतं. मला ८०० च्या आत मिळाला. आधी रात्रभर सॉकेटमध्ये ठेवून चार्ज करा, मगच टाईम सेट करा. मोड ऑटोवर हवा, आणि रँडमचं बटण चुकून दाबलं गेलं तर लाईट मनाला येईल तेव्हा लागते (ते घर बंद असताना चोरांना फसवायला दिलेलं असतं), तेवढं बघा. ही बॅटरी काही वर्षांनी दम तोडते म्हणून मी सहा महिन्यांनी तो काढून रात्रभर टेबलावर ठेवते, सकाळी वेळ बरोबर दिसली तर ठीक.

स्मार्ट प्लग बहिणीकडे ठाण्याला आहे, छान चालतो, पण लाईट आल्यावर त्याला वेळ कळते ती वायफायवरून, तिचा राउटर इन्व्हर्टरवर आहे म्हणून निभावतं. अ‍ॅपमध्ये लाईट आल्यावर चालू राहायचं की बंद, हे सेटिंग आधी शोधा.

दुसरं म्हणजे टायमरवर छापलेला १६ अँपिअरचा आकडा. तो हीटरसारख्या लोडचा. एलईडीच्या ड्रायव्हरमध्ये (तिला वीज पुरवणाऱ्या सर्किटमध्ये) कपॅसिटर असतात, चालू होताना क्षणभर करंट कितीतरी पट जास्त खेचला जातो, रोज तेच होऊन आतले पॉइंट चिकटतात आणि स्क्रीनवर ऑफ दिसत असतानाही लाईट चालूच राहते. आमच्या वायरमनकाकांनी असाच एक उघडून दाखवला. त्यामुळे एका टायमरवर पाच-सहा पॅनल लटकवू नका, मोठा सेटअप असेल तर मधे काँटॅक्टर (जास्त लोड पेलणारा स्विच, टायमर फक्त त्याला चालू-बंद करतो) टाकून घ्या. माझ्या ८० वॅटला दिवसाला १.१२ युनिट लागतं, तेवढ्याला साधा टायमर पुरतो. आणि चपट्या पिनांचा स्वस्तातला टायमर कन्व्हर्टर लावून वापरू नका, ढिली पिन १४ तास तापत राहते.

नवीन टायमर आणला की मी पहिले दोन दिवस त्यावर फक्त झीरोचा बल्ब लावते आणि मधे अर्धा तास मेन स्विच बंद करून बघते.

आता डिजिटल शेवंतीला आणि तबकडी रॅकला, गुरुवारी संध्याकाळी लाईट आली की तबकडी हाताने फिरवून घेते. काल तीनपैकी दोन कुंड्यांत कळ्या दिसल्या, वाटाण्याएवढ्या. तिसरीकडे रोज बघतेय.