काळ्या मातीत फुलांच्या वाफ्याची कड

वाफ्याला सिमेंटच्या ब्लॉकची कड लावली की पहिल्या वर्षी अंगण खुलून दिसतं. पुढच्या पावसाळ्यात एक ब्लॉक वर आलेला असतो, शेजारचा बाहेर कललेला. यात दोष ब्लॉकचा नाही, काळ्या मातीचा आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडेपर्यंत आकसते. सिमेंटने पक्का केलेला सांधा ही ओढाताण सोसत नाही, तडकतोच. विदर्भातल्या काळ्या जमिनीत कड मुरमावर (खडेदार, भरड मातीवर), कोरडीच, म्हणजे सिमेंटशिवाय बसवावी.

काम दिवाळीनंतर, जमीन वाफशावर, म्हणजे ना चिखल ना कोरडी, असताना करा. मे महिन्यात आकसलेल्या मातीत बसवलेली कड जुलैत हमखास उचलते.

१६ × ८ × ४ इंचाचे भरीव ब्लॉक घ्या. वाफा आतून १० × ४ फूट ठेवला तर एकही ब्लॉक तोडावा लागत नाही: लांब बाजूंना कोपऱ्यासकट ८-८, त्यांच्या मधे आखूड बाजूंना ३-३, एकूण २२. दोन जास्तीचे आणा. ब्लॉक सूतभर कमीजास्त निघतात, म्हणून खोदण्याआधी जमिनीवर मांडून पाहा. भट्टीची कच्ची, पिवळसर वीट नको. ओलीत राहून तिचे पापुद्रे सुटतात.

दोरी आतल्या मापाने ताणा आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही १० फूट सव्वानऊ इंच भरले की वाफा गुण्यात, म्हणजे कोपरे काटकोनात आहेत. चर ८ इंच रुंद, ९ इंच खोल: दोरीच्या आत २ इंच, बाहेर ६. हराळीच्या मुळ्या वेचून काढा, तुकडा राहिला तरी फुटते.

खरी मेहनत तळाची. ४ इंच मुरूम लागतो, तोही एकदम ओतायचा नाही. दोन थरांत टाका, प्रत्येक थरावर पाणी शिंपडा आणि धुम्मस करा, म्हणजे ठोकून घट्ट बसवा. टाच मारली की खूण उमटता कामा नये. एवढ्या तळाला सैल मुरूम साधारण ९ घनफूट लागतो. वर इंचभर चुरी (दगडाचा बारीक चुरा) पसरून फळीने सारखी करा. आता ब्लॉक उभ्या कडेवर, एकमेकांना भिडवून ठेवा आणि लाकडाचा तुकडा मधे धरून ठोका. लेव्हल कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाण्याच्या नळीने तपासा. अंगणाला उतार असतो, नजर फसवते. ब्लॉक निम्मा, म्हणजे ४ इंच, जमिनीत राहिला पाहिजे.

दोन्ही बाजूंची फट मुरमाने भरा. तिथे काळी माती परत ढकलली की तीच फुगून कड बाहेर लोटते. सांधे भरू नका, पावसाचं पाणी त्यातूनच निघतं. दोरीच्या लाकडी खुंट्या उपटून टाका, नाहीतर उधई लागेल.

आतली माती ब्लॉकच्या वरच्या कडेपासून इंचभर खाली ठेवा, म्हणजे पाणी देताना वाहून जात नाही. मोगरा, शेवंती कडेपासून ६ इंच आत लावा. एखादा ब्लॉक खचलाच तर सब्बलीने उचलून खाली मूठभर चुरी सरकवायची आणि परत ठोकायचा.