न्यायाधीशानं डायसवर बसल्यावर रिव्हॉल्वर कुठे ठेवायचं?

जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्र परवान्यांचं टेबल माझ्याकडे आहे. कोल्हापूरला पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे शहर असो की शाहूवाडी, परवाना जिल्हादंडाधिकारीच देतात. त्या दिवशी सुनावणीला दोन फायली लागल्या होत्या. एक राधानगरी तालुक्यातल्या शेतकऱ्याची. रानडुकरं ऊस आडवा करतात म्हणून त्याला ठासणीची बंदूक हवी होती. दुसरी कसबा बावड्याच्या न्यायसंकुलातल्या एका न्यायिक अधिकाऱ्यांची, .३२ बोअरच्या रिव्हॉल्वरसाठी.

कायद्यानं शेतकऱ्याचा दावा जास्त भक्कम होता. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३(३) मध्ये पीक संरक्षणाची ठासणीची बंदूक आणि निदान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक एका खंडात येतात. गरज खरी असेल आणि कलम १४ मधलं नकाराचं कारण लागू होत नसेल, तर हा परवाना द्यायचाच असतो. रिव्हॉल्वर, पिस्तूल पुढच्या खंडात. तिथे अर्जदाराला सबळ कारण दाखवावं लागतं, मग तो न्यायाधीश का असेना.

न्यायाधीश साहेबांनी फॉर्म ए-१ या परवाना अर्जात कारण लिहिलं होतं, ‘न्यायिक अधिकारी असल्याने स्वसंरक्षणासाठी’. शस्त्र नियम २०१६ चा नियम १२ नोकरीच्या स्वरूपामुळे जिवाला धोका असलेल्यांचा विचार करायला सांगतो, पण गरज खरी असावी हेही त्यातच आहे. पोलीस अहवालात एकच ओळ होती, ‘विशिष्ट धोका आढळून आला नाही’. अशा अहवालावर फाईल पुढे सरकत नाही.

सुनावणीत साहेबांनी सुरुवातीलाच विचारलं, “कलम ४५ मध्ये लोकसेवकाला सूट आहे. मला मुळात परवाना लागतोच का?” प्रश्न रास्त होता. पण ती सूट लोकसेवकानं कर्तव्य बजावताना बाळगलेल्या शस्त्रापुरती आहे. पोलिसाची कार्बाइन त्यात बसते. न्यायाधीशानं स्वतःच्या पैशानं घेतलेलं रिव्हॉल्वर खासगी, त्याला कलम ३ चा परवाना हवाच. त्यांनी टेक्सासचा दाखला दिला. तिथे परवानाधारक न्यायाधीशाला, इतरांना मनाई असलेल्या कोर्टाच्या इमारतीतही शस्त्र नेण्याची मुभा कायद्यानंच दिली आहे. आपल्या शस्त्र अधिनियमात न्यायाधीशांसाठी असं वेगळं कलम नाही.

मग त्यांनी पिशवीतून दोन पत्रं काढली. एका खटल्यात शिक्षा सुनावल्यानंतर आलेली, घराचा पत्ता आणि मुलांच्या शाळेची वेळ लिहिलेली. त्यानंतर कोर्टातून घरी जाताना एक मोटारसायकल त्यांच्या गाडीमागे राहायला लागली होती. हे त्यांनी कुणालाच कळवलं नव्हतं. न्यायाधीश घाबरला असं दिसू नये, एवढंच कारण. पोलिसांच्या अहवालात काही नव्हतं कारण ठाण्याच्या दप्तरी काहीच नव्हतं. न्यायिक अधिकाऱ्यांच्या फायली बहुतेक इथेच अडकतात आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण धोका खरा असतो.

निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांनी (आरडीसी) पत्रं बघितली आणि सुनावणी तिथेच थांबवली. साहेबांना सांगितलं, आधी प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना लेखी कळवा, त्याची प्रत पोलीस अधीक्षकांना द्या आणि ठाण्यात रीतसर तक्रार करा. पत्रं पाकिटांसकट, मूळ स्वरूपात द्यायची. लॅमिनेशन नको, पंचिंगची भोकं नकोत, हाताळणी कमीत कमी, नाहीतर ठसे आणि टपालाचा शिक्का दोन्ही जातात. मोटारसायकलच्या नंबरचे अर्धे आकडे आठवत असले तरी तेवढे लिहायचे. या कागदांवर पोलीस संरक्षणाचा निर्णय आधी होऊ शकतो. परवान्याचं काम त्यामागून चालतं.

“समजा परवाना दिला,” आरडीसी साहेब म्हणाले, “अकरा वाजता तुम्ही डायसवर बसलात. रिव्हॉल्वर कुठे आहे?”

न्यायाधीश साहेब म्हणाले, गाडीत, ड्रायव्हरपाशी. आणि खरी चर्चा तिथे सुरू झाली.

ड्रायव्हरकडे परवाना नसतो. परवानाधारक समोर नसताना त्याच्या ताब्यात शस्त्र दोन मिनिटं दिलं तरी त्याचा ताबा विनापरवाना ठरतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा ताब्याला दोन ते पाच वर्षांची कैद आहे. समोरच्याचा परवाना न पाहता शस्त्र सोपवणाराही कलम २९ मध्ये येतो. पट्टेवाल्याचं तेच. परवानाधारक समोर नसताना शस्त्र असं सांभाळायला द्यायचं, तर त्या माणसाचं नाव रिटेनर, म्हणजे परवानाधारकाच्या वतीनं शस्त्र बाळगणारा, म्हणून परवान्यावर चढलेलं असावं लागतं. चेंबरच्या ड्रॉवरला कुलूप असलं तरी साफसफाईपासून शिरस्तेदारापर्यंत सगळ्यांची तिथे ये-जा असते. झग्याखाली कमरेला ठेवावं, तर भरलेल्या कोर्टात आरोपी, पोलीस पार्टी, वकील हातभर अंतरावर.

माझं मत मी तिथे मांडलं नाही, इथे मांडतो. २८ जुलै २०२१ ला धनबादला अतिरिक्त जिल्हा न्यायाधीश उत्तम आनंद यांना सकाळी फिरताना मागून रिक्षानं उडवलं. त्या क्षणी खिशात रिव्हॉल्वर असतं तरी निरुपयोगी ठरलं असतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या रोहिणी कोर्टात वकिलांच्या वेशातल्या हल्लेखोरांनी न्यायदालनात आरोपीला गोळ्या घातल्या. तिथे उपयोगाचं ठरलं असतं ते दरवाजावरचं मेटल डिटेक्टर आणि वकिलांचीही झडती. हाताशी शस्त्र असलं की धोका आपोआप कमी होतो असंही नाही. २०१८ मध्ये गुरुग्रामला न्यायाधीशाच्या अंगरक्षकानंच त्यांच्या पत्नीवर आणि मुलावर गोळ्या झाडल्या. न्यायाधीशांचं संरक्षण ही शासनाची जबाबदारी आहे. ती त्यांच्या कमरेला बांधून मोकळं होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

साहेबांनी अर्ज मागे घेतला नाही. तो त्यांचा हक्कच होता. शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, सुरक्षित साठवणुकीचं हमीपत्र आणि वैद्यकीय प्रमाणपत्र ही कागदपत्रं पूर्ण करून द्यायचं त्यांनी मान्य केलं. हमीपत्रात आम्ही ‘घरात सुरक्षित’ असं मोघम चालवून घेत नाही. भिंतीला किंवा जमिनीला बोल्टनं आवळलेली लोखंडी तिजोरी, शस्त्र रिकामं, काडतुसं वेगळ्या कुलपात, चावी एकाच माणसाकडे. कोर्टात न्यायचं असेल तर चेंबरमध्येही तशीच तिजोरी आणि प्रमुख जिल्हा न्यायाधीशांची लेखी परवानगी जोडा, असं आरडीसी साहेबांनी सांगितलं.

उठताना साहेबांनी विचारलं, “दसऱ्याला सीमोल्लंघनाला कुटुंबासह गेलो तर?” दसरा चौकातली ती गर्दी म्हणजे परवान्याच्या अटींतला जाहीर मेळावा. जत्रा, धार्मिक मिरवणूक, शाळा-कॉलेजचं आवार, सगळीकडे मनाई. जोतिबाची यात्रा आणि गणपतीची मिरवणूक त्यातच आली. रिव्हॉल्वर त्या दिवशी तिजोरीत.

एक गोष्ट मी त्यांना कागदावर लिहून दिली, कारण न्यायाधीशांच्या नोकरीत ती हमखास घडते. बदली झाली आणि शस्त्र नव्या गावी नेलं, की ३० दिवसांच्या आत तिथल्या आणि इथल्या, दोन्ही परवाना अधिकाऱ्यांना पत्ता कळवायचा. सामानाच्या ट्रकमधून शस्त्र पाठवायचं नाही, स्वतः न्यायचं. परवान्यावरचं क्षेत्र फक्त कोल्हापूर जिल्ह्याचं असेल तर सांगलीच्या हद्दीत शिरण्याआधी ते वाढवून घ्यायचं.